बाहीवरच्या फिती, खांद्यावरचे तारे

२६ जानेवारीचं दिल्लीतलं संचलन तुम्ही दरवर्षी टीव्हीवर पाहत असाल. पुढच्या वेळी एक करा. रणगाडे आणि विमानं तर बघाच, पण पायी चालणाऱ्या जवानांच्या बाह्यांकडेही जरा लक्ष द्या. काहींच्या दंडावर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या फिती दिसतील. एक फीत असली तर तो लान्स नाईक, दोन असल्या तर नाईक आणि तीन असल्या तर हवालदार. अधिकाऱ्यांच्या दंडावर मात्र फिती नसतात. त्यांची खूण असते खांद्यावर, चकचकीत ताऱ्यांची.

दंडापासून खांद्यापर्यंतचं अंतर किती? स्वतःच्या हातावर मोजून पाहा, वीतभर भरेल. पण आपल्या देशातल्या साध्या शिपायाला एवढं अंतर चढून जायला दीडशेहून अधिक वर्षं लागली! आणि ते चढण्यासाठी जी शिडी तयार झाली, तिची एक महत्त्वाची पायरी म्हणजे एक शाळा होती. बुंदेलखंडातल्या एका आडगावच्या छावणीत ती सुरू झाली, पुढे आपल्या पुण्यात आली आणि आता डेहराडूनला आहे. आज तिचीच गोष्ट सांगायची आहे.

पण आधी नावांची एक गंमत. नाईक, हवालदार ही नावं काही इंग्रजांनी शोधून काढलेली नव्हेत. शिवाजी महाराजांच्या पायदळात दहा जणांच्या तुकडीवर नाईक असे. अशा पाच नाइकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर एकहजारी. किल्ल्यावरही हवालदार असे आणि गडाच्या दरवाजाच्या किल्ल्या त्याच्या ताब्यात असत. केवढा विश्वासाचा माणूस पाहा! (आज आपण चौकातल्या कुठल्याही पोलिसाला 'हवालदारसाहेब' म्हणून मोकळे होतो, ते सोडून द्या.) ईस्ट इंडिया कंपनीनं इथल्याच माणसांच्या पलटणी उभ्या केल्या, तेव्हा इथलीच जुनी नावं उचलली. नावं घेतली, पण त्या नावांमागचा अधिकार हातचा राखून ठेवला.

तो कसा, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे. कंपनीच्या पलटणीत गावाकडचा तरुण शिपाई म्हणून भरती व्हायचा. चांगलं काम केलं की नाईक, मग हवालदार. त्यापुढे जमादार, सुभेदार आणि सगळ्यात वर सुभेदार-मेजर. बस्स, इथं जिना संपायचा. बढती मुख्यतः नोकरीच्या वर्षांवर मिळे, त्यामुळे सुभेदार होईपर्यंत माणसाच्या मिशा पिकलेल्या असत. अनेक लढाया पाहिलेला, छातीवर पदकं मिरवणारा असा सुभेदार-मेजर आणि विलायतेहून कालच बोटीनं उतरलेला एकोणीस-वीस वर्षांचा गोरा लेफ्टनंट, या दोघांत वरिष्ठ कोण? लेफ्टनंट! सलाम ठोकायचा तो सुभेदार-मेजरनं. त्या पोरसवद्या साहेबाला नुकती कुठं हिंदुस्थानी भाषा शिकायला सुरुवात करायची असे, आणि पलटणीतल्या एकेका शिपायाचं गाव, घरदार, स्वभाव सुभेदाराला तोंडपाठ असे. तरीही.

पुढे या जमादार-सुभेदारांना व्हाइसरॉयचं कमिशन असलेले अधिकारी म्हणू लागले. गोऱ्या अधिकाऱ्यांना असे ते राजाचं कमिशन. कागद दोन्ही सरकारीच, पण राजाचं कमिशन असलेला माणूस कुठल्याही पलटणीला हुकूम देऊ शके आणि व्हाइसरॉयचं कमिशन असलेला फक्त आपल्या देशी शिपायांना.

आता तुम्ही विचाराल, मग हवालदार किंवा नाईक करतो तरी काय? पुस्तकात त्याला 'बिनकमिशनी अधिकारी' असा रुक्ष शब्द आहे. फौजेत सगळे एन.सी.ओ. म्हणतात. पायदळातली सगळ्यात लहान तुकडी म्हणजे सेक्शन, साधारण दहा जवानांची. तिचा प्रमुख म्हणजे एन.सी.ओ. सकाळी कोण आजारी आहे, कुणाचे बूट फाटलेत, कुणाच्या घरून पत्र आलं नाही म्हणून तो गप्प गप्प आहे, कुणाची बंदूक नीट साफ झालेली नाही, हे सगळं त्याला ठाऊक असावं लागतं. नवख्यांना कवायत शिकवणाराही तोच. आपल्या फौजेत शिकवणाऱ्याला प्रेमानं आणि थोड्या धाकानंही 'उस्ताद' म्हणतात. सेनापतीची योजना कितीही हुशारीची असो, शेवटी 'चला माझ्यामागून' असं म्हणून उठणारा माणूस हाच असतो.

रायगड जिल्ह्यात माणगावला गेलात तर नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा अवश्य पाहा. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले हे नाईक. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, इटलीतल्या टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सेक्शनमधला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. आपल्यामागे आता कुणी नाही हे माहीत असूनही घाडगे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. हातबाँब फेकून त्यांनी ती बंद पाडली. आपल्या बंदुकीतल्या गोळ्या संपल्या तेव्हा नव्या भरायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक उलटी धरून ते तिच्या दस्त्यानं लढले. मोर्चा पडला, पण लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी घाडगेही कोसळले. वय अवघं बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दंडावर दोन फिती असलेल्या माणसावर काय जबाबदारी असते, ते यावरून समजेल.

अशा माणसांना शिकवण्याची सोय फौजेत फार पूर्वीपासून होती, हे मात्र इंग्रजांच्या बाजूनं सांगायला हवं. पलटणीत शाळा असत, आणि गावात ज्यांना शाळेच्या ओट्यावरसुद्धा बसू देत नसत, अशांच्या मुलांनाही तिथं पाटी-पुस्तक मिळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे असेच फौजेतले शिक्षक. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षकाचं शिक्षण घेतलं आणि चौदा वर्षं ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. सुभेदारपदापर्यंत ते चढले. त्यांची पलटण मध्य भारतातल्या महू छावणीत असताना १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. फौजेत शिपायांच्या मुलांना, आणि मुलींनाही, शिक्षण सक्तीचं असे, असं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. एका सुभेदारानं आपल्या मुलाला पहाटे उठवून अभ्यासाला बसवलं, तर काय घडू शकतं, ते आपण सगळे जाणतोच.

पण हेही दार मध्येच बंद झालं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी 'लढाऊ जाती' नावाची एक कल्पना डोक्यात घेतली. अमक्या जातीचे लोक जन्मतःच शूर, तमक्या जातीचे नाहीत, असा तिचा अर्थ. १८९० नंतरच्या दशकात महारांची फौजेतली भरती बंद झाली. ज्यांनी पिढ्यानपिढ्या चाकरी केली त्यांना एका फटक्यात 'तुम्ही लढवय्ये नव्हे' असं सांगण्यात आलं. गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त हवालदारांनी १८९४ मध्ये याविरुद्ध सरकारकडे अर्ज तयार केला. दाद लागली नाही. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं, तेही महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा. तेव्हा पुढची गोष्ट वाचताना लक्षात ठेवा: शिडी लावली गेली, पण तिच्या तळाशी कुणी उभं राहायचं हेसुद्धा बरीच वर्षं इंग्रजच ठरवत होते.

पहिल्या महायुद्धात लाखो हिंदी शिपाई फ्रान्सपासून मेसोपोटेमियापर्यंत लढले. आता त्यांना अधिकारी होऊ द्या, ही मागणी नाकारणं अवघड झालं. १९१८ मध्ये विलायतेतल्या सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजात हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा मिळाल्या. दहा! एवढ्या मोठ्या देशाला. त्याच वेळी इंदूरला तात्पुरतं कॅडेट कॉलेज निघालं. पुढे स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती झालेले करिअप्पा त्यातूनच १९१९ मध्ये अधिकारी झाले. सँडहर्स्टला मुलगा पाठवायचा तर बोटीचं भाडं, फी, कपडे यांचा खर्च एवढा की संस्थानिक, जमीनदार, बडे सरकारी नोकर यांच्याच मुलांना ते परवडे. त्या मुलांची तयारी करून घेण्यासाठी १९२२ मध्ये डेहराडूनला प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावानं कॉलेज उघडलं.

आणि शिपायाच्या मुलासाठी? त्याच्यासाठी वेगळ्या शाळा काढल्या. झेलम आणि जालंदर इथं १९२५ मध्ये त्या सुरू झाल्या, अजमेरला १९३० मध्ये. किंग जॉर्जच्या नावाच्या या शाळांत शिपाई-हवालदारांच्या मुलांना शिक्षण मिळे. चांगल्या शाळा होत्या. पण हेतू असा की मुलगा शिकून बापासारखाच फौजेत शिपाई व्हावा आणि पुढे चांगला एन.सी.ओ., फार तर सुभेदार व्हावा. म्हणजे श्रीमंताच्या मुलासाठी एक जिना आणि शिपायाच्या मुलासाठी दुसरा, आखूड.

अशा वेळी नौगावची शाळा निघाली. हे नौगाव आसामातलं नव्हे बरं का! झाशीहून पूर्वेकडे, आजच्या मध्य प्रदेशातल्या छतरपूर जिल्ह्यात ही जुनी छावणी आहे. मराठी माणसाला हा मुलूख अनोळखी नाही. महाराजा छत्रसालाचं मऊ-सहानिया आणि धुबेला इथून जवळच. १७२९ मध्ये बंगशाच्या वेढ्यातून छत्रसालाला सोडवायला पहिले बाजीराव याच बुंदेलखंडात धावून आले होते. त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १९२९ मध्ये, हिंदुस्थानचे सरसेनापती फील्ड मार्शल बर्डवुड यांनी नौगावला किचनर कॉलेज सुरू केलं.

लॉर्ड किचनर हे बर्डवुड यांच्या आधीचे गाजलेले सरसेनापती. १९०२ ते १९०९ ते इथं होते. शाळा काढण्याची त्यांना हौसच होती म्हणा ना. मोठ्या अधिकाऱ्यांसाठीचं स्टाफ कॉलेज त्यांनी १९०५ मध्ये आपल्या नाशिकजवळच्या देवळालीला सुरू केलं आणि मग ते क्वेट्ट्याला हललं. गंमत अशी की किचनर यांचं नाव लागलेलं हे नौगावचं कॉलेज मोठ्या अधिकाऱ्यांसाठी नव्हतं. ते होतं दंडावर फिती असलेल्या देशी जवानांसाठी. वेगवेगळ्या पलटणींतून निवडलेले नाईक-हवालदार इथं यायचे आणि पुढच्या जबाबदारीसाठी तयार व्हायचे.

यातली अडचण कोणती असेल? धैर्य? मुळीच नाही. नेमबाजी, कवायत, दहा-दहा कोस चालणं यात ही माणसं साहेबालाही मागे टाकतील. अडचण होती पुस्तकांची. फौजेतलं देशी शिपायांचं शिक्षण तेव्हा रोमन उर्दूत चाले. म्हणजे भाषा हिंदुस्थानी आणि अक्षरं इंग्रजी. त्यात परीक्षा पास झाल्याशिवाय बढती नसे. पण अधिकाऱ्यांची सगळी पुस्तकं, हुकूम, नकाशे इंग्रजीत. लहानपणी गुरं राखली, चौथीनंतर शाळा सुटली, मग भरती. अशा माणसानं चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी इंग्रजी वाक्यरचना आणि गणित घेऊन बसायचं. तुम्हाला आठवीत इंग्रजीचा पेपर अवघड जातो ना? मग कल्पना करा. तुम्हाला निदान नापास झालात तर पुढच्या वर्षी बसता येतं. त्याला परत पलटणीत जावं लागे, आणि तिथं सगळे विचारणार, 'काय, आलास का परत?'

१ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडूनला इंडियन मिलिटरी ॲकॅडमी सुरू झाली. आता अधिकारी होण्यासाठी विलायतेला जायची गरज उरली नाही. पहिल्या तुकडीत चाळीस कॅडेट होते. पंधरा खुल्या परीक्षेतून आलेले, दहा संस्थानांच्या फौजांतले आणि उरलेले पंधरा? ते फौजेतूनच निवडलेले, शिपाई म्हणून भरती झालेले तरुण! गावातून बंदूक उचललेला मुलगा आणि कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला मुलगा एकाच रांगेत उभे राहिले. फौजेतून येणाऱ्या कॅडेटांची आधीची तयारी करून घेण्याचं काम त्यानंतर नौगावकडे आलं.

या पहिल्या चाळीस जणांची कथा एखाद्या कादंबरीत शोभेल अशी आहे. त्यातले तिघं तीन देशांचे सेनाप्रमुख झाले. पहिले आपले सॅम माणेकशॉ. ते खुल्या परीक्षेतून आले होते. १९६९ मध्ये ते भारताचे लष्करप्रमुख झाले आणि १९७१ चं युद्ध त्यांच्या कारकिर्दीत जिंकलं गेलं. दुसरे महंमद मुसा. क्वेट्ट्याकडचे हे हजारा तरुण १९२६ मध्ये हजारा पायोनियर पलटणीत साधे जवान म्हणून भरती झाले होते. तिसरे स्मिथ डन. हे ब्रह्मदेशातल्या करेन जमातीचे, बर्मा रायफल्समधून आलेले, उंचीनं फार बुटके. १९४८ मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या फौजेचे पहिले प्रमुख हेच. आणि मुसा फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. १९५८ ते १९६६ ते तिथले सरसेनापती होते, म्हणजे १९६५ च्या युद्धात समोरच्या बाजूला तेच! ज्यांनी एका मैदानावर एकाच उस्तादाच्या हुकमावर पाय आपटले, ते पुढे सीमेच्या दोन बाजूंना गेले.

यातली राजकारणाची बाजू क्षणभर बाजूला ठेवा आणि आकड्यांकडे बघा. तीन सेनाप्रमुखांपैकी दोघं फौजेतून वर आलेले. अडाणी शिपायाला सेना चालवायची अक्कल नसते, असं ज्यांना वाटत होतं त्यांना यापेक्षा चांगलं उत्तर काय द्यायचं?

मग दुसरं महायुद्ध आलं. शिपायातून अधिकारी होण्याचा दुसरा मार्ग युद्धाच्या धामधुमीत उघडला आणि त्या वाटेनं आलेल्या एका माणसाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे. १९४० च्या जुलैत ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे शिपाई म्हणून लागले. ब्रह्मदेशच्या आघाडीवर नाईक झाले, हवालदार झाले. १९४७ च्या डिसेंबरात, स्वातंत्र्यानंतर चार महिन्यांनी, त्यांना कमिशन मिळालं आणि ते सेकंड लेफ्टनंट झाले.

त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, काश्मीरमधल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर आपले रणगाडे अडून पडले. शत्रूनं रस्त्यात सुरुंग पेरले होते, झाडं आडवी पाडली होती आणि वरून मारा चालू होता. राणे यांच्या तुकडीचं काम रस्ता मोकळा करायचं. पहिल्याच माऱ्यात त्यांचे काही साथीदार पडले, ते स्वतः जखमी झाले. तरी ते हटले नाहीत. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत राहून, दोरी ओढून चालकाला खुणा करत त्यांनी रणगाडा सुरुंगांतून पुढे नेला. ८ एप्रिलपासून ११ एप्रिलपर्यंत हे चाललं होतं! या पराक्रमाबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळालं. ते जिवंतपणी मिळवणारे ते पहिले वीर. सुरुंग कसा शोधायचा, हे ते वहीत वाचून शिकले नव्हते. शिपाई, नाईक, हवालदार म्हणून सात वर्षं स्वतःच्या हातांनी माती उकरत शिकले होते. १९९४ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

स्वातंत्र्यानंतर 'व्हाइसरॉयचं कमिशन' या शब्दांना अर्थच उरला नाही. सुभेदार वगैरे मंडळी आता 'ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर' झाली. १९६५ मध्ये जमादार हे नाव जाऊन नायब सुभेदार आलं. शाळांचीही बरीच हलवाहलव झाली. झेलमची शाळा पाकिस्तानात राहिली. जालंदरची १९५२ मध्ये नौगावलाच आली आणि १९६० मध्ये सिमल्याजवळच्या चैलला गेली. किंग जॉर्जच्या शाळांपैकीच एक बेळगावला १९४५ मध्ये निघाली होती, ती तुमच्यातल्या अनेकांना माहीत असेल. त्यांना आता राष्ट्रीय मिलिटरी स्कूल म्हणतात. तिथं फक्त जवानांच्याच मुलांना घेतात असं आता नाही, आणि २०२२ पासून मुलींनाही प्रवेश खुला झाला आहे.

नौगावच्या कॉलेजचा खरा कायापालट झाला तो १६ मे १९६० रोजी. लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांच्या हस्ते 'आर्मी कॅडेट कॉलेज'चं उद्‌घाटन झालं. किचनर यांचं नाव गेलं आणि उद्देशही अगदी स्पष्ट झाला: फौजेतल्या हुशार जवानांना शिकवून अधिकारी करायचं. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९६१ मध्ये, कॉलेजचा पहिला पदवीदान समारंभ झाला.

लगेच १९६२ चं चीनबरोबरचं युद्ध आलं. सैन्य भराभर वाढवायचं ठरलं आणि अधिकारी कमी पडू लागले. त्या धांदलीच्या काळात, १९६४ मध्ये, आर्मी कॅडेट कॉलेज नौगावहून पुण्याला आलं. पुढची तेरा वर्षं ते पुण्यात होतं. त्या काळी पुण्याच्या परिसरात भावी अधिकाऱ्यांचे दोन अगदी वेगळे नमुने पाहायला मिळत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एन.डी.ए.त, शाळा नुकती सोडलेली, अजून मिसरूड न फुटलेली मुलं. आणि आर्मी कॅडेट कॉलेजात पलटणीतून आलेले, बर्फात पहारे केलेले, घरी दर महिन्याला पैसे पाठवणारे तरुण. एन.डी.ए.च्या मुलाला पहाटेची कवायत जड जाई. या दुसऱ्याला कवायत म्हणजे हातचा मळ, पण संध्याकाळी अभ्यासाला बसला की घाम फुटे.

१९७७ मध्ये कॉलेज पुन्हा हललं. या वेळी थेट डेहराडूनला, इंडियन मिलिटरी ॲकॅडमीच्याच आवारात. ॲकॅडमीचा एक विभाग म्हणून ते चालू लागलं. २००६ पासून त्याचे कॅडेट ॲकॅडमीत 'सियाचिन बटालियन' म्हणून ओळखले जातात. नाव किती समर्पक! सियाचिनच्या बर्फात राहून आलेले जवानच पुढे त्या नावाखाली पुस्तक उघडून बसतात.

आईबाबा विचारतील, म्हणून आताची पद्धतही सांगून टाकते. फौजेत निदान दोन वर्षं नोकरी झालेला, बारावी उत्तीर्ण, वीस ते सत्तावीस वर्षांचा जवान यासाठी अर्ज करू शकतो. आधी लेखी परीक्षा. मग निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या चाचण्या, त्या एन.डी.ए.च्या मुलांना असतात तशाच, शिपाई आहे म्हणून कुठं सूट नाही. निवड झाली की आर्मी कॅडेट कॉलेजात तीन वर्षं. तिथं विज्ञान किंवा कला शाखेची पदवी घ्यायची, ती देतं दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. त्यानंतर इतर कॅडेटांबरोबर मुख्य ॲकॅडमीत एक वर्ष. चार वर्षं शिकायचं, पण जवानाचा पगार चालू राहतो. शिक्षण सुटण्याचं कारण पुष्कळदा घरची गरिबी असते, त्यामुळे ही गोष्ट फार मोलाची आहे. नाहीतर घरच्या चुलीचा प्रश्न सोडून पुस्तक हातात घ्यायची किती जणांची हिंमत झाली असती?

तर कुणी म्हणेल, सगळ्यांनीच तारे मिळवायचे, तर फिती कुणी लावायच्या? रास्त प्रश्न आहे. फौजेतले बहुसंख्य नाईक आणि हवालदार अधिकारी होत नाहीत, आणि पुष्कळांना व्हायचंही नसतं. त्यांच्यासाठी वेगळं शिक्षण आहे. बेळगावला इन्फंट्री स्कूलचा 'ज्युनियर लीडर्स' विभाग आहे. तिथं सेक्शन चालवणारे एन.सी.ओ. शिकायला येतात: रात्री नकाशा आणि होकायंत्रावर वाट काढणं, डोंगरावरचा मोर्चा घेणं, हत्यारं शिकवणं आणि दहा माणसांना सांभाळणं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रही बेळगावातच आहे. यशवंत घाडगे याच पलटणीचे. लेफ्टनंट नवीन असतो तेव्हा पहिले काही महिने त्याला सांभाळून घेणारा, 'साहेब, इथून नको, तिथून जाऊ' असं हळूच सांगणारा माणूस हाच. चांगला अधिकारी त्याचं ऐकतो.

डेहराडूनला दर जून आणि डिसेंबरात दीक्षान्त संचलन होतं. चेटवुड इमारतीच्या पायऱ्या चढून कॅडेट आत जातात, त्याला 'अंतिम पग' म्हणतात. त्यानंतर खांद्यावर दोन तारे लागतात. ते लावायला आई-वडील येतात. कुणाचे वडील स्वतः निवृत्त हवालदार असतात. वर्षभर ज्यांनी मैदानावर घाम काढला ते सुभेदार-उस्ताद मग समोर येतात, टाचा जुळवतात आणि नव्या लेफ्टनंटला कडक सॅल्यूट करतात. सियाचिन बटालियनचा तो लेफ्टनंट चार-पाच वर्षांपूर्वी अशाच एखाद्या सुभेदाराच्या पलटणीत नाईक होता.